दार खलास

झुबारा मी पाहिलं नाही. कतारहून परतल्यापासून हे वाक्य मला इतक्यांदा उच्चारावं लागलं आहे, की ते सुरुवातीलाच लिहून टाकलेलं बरं. कतारच्या वायव्य किनाऱ्यावर मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं एक जुनं शहर वाळूत बुजलेलं आहे. त्या भग्न भिंतींवरचा मावळता प्रकाश टिपायला मी गेले होते. हाती लागली ती एकोणीस दारं, आणि शेवटच्या दिवशी आणखी एक. हा वृत्तांत त्या दारांचा आहे.

मंगळवार, मुशैरिबच्या मागे

माझी सव्वीस वर्षं नाशिकमधल्या एका दैनिकाच्या डेस्कवर गेली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासायच्या, नावं-गावं जुळवायची, 'नेमकं काय म्हणाले?' असं विचारून वार्ताहरांना वैताग आणायचा. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला. दोह्यात उतरले ती ब्लॉसमकडे. ब्लॉसम मूळची वसईची. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहत होतो. ती इथल्या एका रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात तपासणीची यंत्रं चालवते आणि अल अझीझियात नवऱ्यासोबत राहते. नवरा त्या आठवड्यात कामानिमित्त मस्कतला गेला होता.

पहिल्याच सकाळी तिने मला मुशैरिबला सोडलं. हा दोह्याचा मध्यभाग, पूर्ण नव्याने बांधलेला. बदामी भिंती, मुद्दाम अरुंद ठेवलेले सावलीचे रस्ते, आवाज न करता सरकणारी ट्राम. सुंदर आहे. पण सगळ्या भिंती एकाच दिवशी जन्मलेल्या दिसतात. मी पाच-सहा फोटो काढले आणि ते सगळे कुठल्या तरी जाहिरातीसारखे आले.

मग एक मोठा रस्ता ओलांडला, दहा मिनिटं चालले, आणि जुनं दोहा सुरू झालं. बैठी घरं, पोपडे धरलेल्या भिंती, वर लोंबणाऱ्या वायरी, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. गल्लीच्या बाजूला एकही खिडकी नाही. मूळचे मालक इथून कधीच निघून गेलेत. आता एकेका घरात नेपाळी, बंगाली, केरळी कामगार दाटीने राहतात. सूर्य भिंतीच्या वर आला, उजेड हळूहळू खाली उतरला आणि एका दारावर पडला.

दार लोखंडी पत्र्याचं, दोन फळ्यांचं, पुरुषभर उंचीचं. पत्र्यावर पट्ट्या वेल्ड करून नक्षी काढलेली: मधोमध सूर्य, त्याला सोळा किरण, खाली कॉफीची चोचवाली किटली, चारी कोपऱ्यांत खजुरीची झाडं. पट्ट्यांमुळे पडलेल्या प्रत्येक चौकटीत वेगळा रंग. मोरपंखी, हळदी, लाल, पोपटी, आणि कडेने पांढरी रेघ. त्याच्या शेजारचं दार गुलाबी आणि निळं. त्यापुढचं हिरवं-केशरी. गल्लीभर मातकट भिंती, आणि त्यांतून ओळीने पेटत जाणारे हे रंग. प्रकाश एकेका दाराला लागत पुढे सरकत होता आणि मी त्याच्यामागून चालत होते. वाळवंटातल्या शहराला रंग नसतो, असं मी निघताना कुणाला तरी सांगितलं होतं. ते विधान मी तिथे, त्या गल्लीत मागे घेतलं.

आपल्याकडे दाराला तोरण लागतं, उंबऱ्याशी रांगोळी निघते. दार तेच राहतं आणि सजावट बदलते. इथे भिंतीला खिडकी नाही, ओटा नाही, तुळस नाही. घराला बाहेरच्या माणसाशी जे बोलायचं असेल, ते सगळं दारावर.

एका दारासमोर ट्रायपॉड लावला, तेवढ्यात ते उघडलं आणि साबणाची बादली घेतलेला माणूस थेट लेन्समध्ये आला. नेपाळचा होता.

"मेरा फोटो?"

"नहीं भैया, दरवाज़े का."

त्याने दाराकडे वळून पाहिलं. रोज उघडत असला तरी त्या बाजूने बहुधा पहिल्यांदाच. "ये तो टूटने वाला है," तो म्हणाला. "पूरा गली टूटेगा. जल्दी जल्दी लो." आणि बादली उचलून, मला अडचण नको म्हणून, भिंतीला चिकटून निघून गेला.

दुपारपर्यंत एकोणीस दारं झाली.

मंगळवार संध्याकाळ, अल अझीझिया

ब्लॉसमने बोंबलाचं सुकं केलं होतं. बोंबील वसईहून तिच्या आईने चार पिशव्यांत गुंडाळून पाठवलेले. "सामान तपासणाऱ्याने बॅग उघडली आणि लगेच मिटली," ती म्हणाली. जेवण होईपर्यंत लॅपटॉपवर फोटो उघडले. ती हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"थांब. खालचा कोपरा मोठा कर."

बिजागरीच्या जवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बोटाएवढं काहीतरी रंगवलेलं होतं. मी ते रंगाचा ओघळ समजले होते.

"अगं, हे पापलेट आहे."

"कशावरून?"

"कशावरून काय? मी वसईची आहे. ही शेपटी बघ, हा चपटेपणा बघ. अरब लोक मासा काढतील तर हामूर काढतील. पापलेट आपल्याच माणसाने काढलं."

एकोणीसपैकी चौदा दारांवर, त्याच जागी, तोच मासा निघाला. ब्लॉसम खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे एक चाचा येतात नजरेच्या फील्ड टेस्टला. हर्णैचे. मशीनमध्ये डोकं घालून बसले की बडबडत असतात. 'सिस्टर, आख्ख्या दोह्याची दारं मी रंगवलीत.' मला वाटायचं, असंच बोलतायत."

तिने फोन लावला. स्पीकरवरून आवाज आला, चढा आणि सावध.

"सिस्टर? रिपोर्ट खराब आला काय?"

"नाही हो चाचा. एक विचारायचं होतं. तुम्ही दारावर पापलेट काढायचात का?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग: "कुनी सांगितलं?"

बुधवार, पुन्हा गल्लीत

गनीचाचा सत्तरीच्या पुढचे. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, पायात रबरी चपला. हर्णै बंदरात होड्या रंगवता रंगवता तरुणपणी कतारला आले आणि चाळीस वर्षं राहिले. शनिवारी ते कायमचे गावी निघाले होते. काचबिंदूने नजर चहूबाजूंनी आत आत येत गेली होती. मधलं तेवढं शाबूत होतं. नळीतून पाहावं तसं दिसतं, असं ब्लॉसमने मला आधीच सांगितलं होतं. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती टिकेल, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

ब्लॉसमची पाळी दुपारची होती, म्हणून आम्ही तिघं गेलो. गल्लीत शिरल्यावर चाचा एकेका दारापाशी थांबले. मान डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवत, दार तुकड्या-तुकड्याने वाचत गेले.

"ह्यो माजा. ह्यो माजा. ह्यो नाय, ह्यो एका पठाणाचा. बघा किरण कसे वाकडे." मग माझ्याकडे वळून: "बाय, तुमी एकोणीस काढलंत म्हनता. पयला कुठं हाय त्यात?"

"पहिलं कुठलं, चाचा?"

उत्तर न देता ते चालू लागले. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं उंच कुंपण होतं. पत्र्याच्या फटीतून मोकळी, सपाट जमीन दिसत होती आणि एक पिवळं यंत्र.

"हितं व्हता," चाचा म्हणाले. "पयला दरवाजा. बू राशिदचा. ह्या गल्लीत रंग आला तो तिथनं." बू राशिद म्हणजे राशिदचा बाप, इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. गेल्या वर्षी चाचा आले, तेव्हा घराला कुलूप होतं. मग तपासण्या, औषधं, परतीचे कागद. "सगली दारं ऱ्हाऊ देत. तेवढा एक बघून जायचा हाय. डोले हायत तवर."

"पहिलंच दार इतकं रंगीत कसं काय केलंत? कुणी सांगितलं होतं?"

ब्लॉसमकडे चोरटं पाहून ते म्हणाले, "कुनी नाय. चुकून झाला." आणि कोपऱ्याकडे वळले.

कोपऱ्यावर करक चहाची खिडकी होती. करक म्हणजे वेलची घालून आटवलेला, दुधाने जड झालेला चहा. कागदी पेल्यात, जीभ भाजणारा. चहावाला केरळचा. बू राशिदचं नाव काढताच त्याने मानेनेच उत्तरेकडे खूण केली. "वो लोग शमाल चला गया. लड़का कभी कभी आता है, मेरा चाय पीने." राशिदचा नंबर त्याच्याकडे होता.

फोन मी केला. चाचांनीच करायला सांगितलं. ते चहाचा पेला दोन्ही हातांत धरून उभे राहिले. राशिद गाडी चालवत होता, आवाज तुटत होता. इथल्या पुष्कळ लोकांना कामचलाऊ हिंदी येते, म्हणून मी हिंदीत विचारलं: आपके वालिद के पुराने घर का दरवाज़ा, वह कहाँ है?

"पुराना घर?" मग खरखर. मग स्पष्ट: "दार खलास. बुलडोझर आया. दार खलास, सिस्टर." पुन्हा खरखर, आणि फोन बंद.

खलास म्हणजे काय, हे दोह्यात उतरल्यावर तासाभरात कळतं. संपलं, झालं, पुरे. मी वहीत वेळ आणि त्याचे शब्द लिहिले आणि चाचांना सांगितलं, "चाचा, दार गेलं. बुलडोझर आला होता."

त्यांनी मान हलवली. चहाचा पेला खिडकीच्या फळीवर ठेवला, तो नीट मधोमध बसेपर्यंत दोनदा सरकवला. ब्लॉसमने त्यांच्या दंडाला हात लावला. समोरून एक सायकलवाला गेला. तो बाजूने आला तेव्हा चाचांना दिसला नाही, समोर आल्यावर दचकले.

मग त्यांनी मला तोच प्रश्न विचारला, जो मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांना विचारत आले.

"बाय, तो नेमका काय बोल्ला?"

"म्हणाला, गेलं."

"तसा नाय. त्याचा शब्द."

मी वही उघडली. "'दार खलास.'"

"दार बोल्ला? का बाब बोल्ला?"

"दार. दोनदा."

चाचांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. भिंतीला टेकून, डोळे मिटून, आवाज न करता हसत होते, आणि मग आवाज फुटला तेव्हा चहावाला खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहू लागला.

"सिस्टर, ही बाय पन फसली! माज्यावानी ही पन फसली!"

खुलासा तिथेच, उभ्याउभ्या झाला. अरबीत दरवाजाला 'बाब' म्हणतात. 'दार' म्हणजे घर. आणि इथल्या जुन्या माणसांच्या बोलीत, घरातली खोलीसुद्धा.

चाचा कतारला येऊन महिना झाला होता. बू राशिदच्या घरी रंगाचं काम मिळालं. तो आठवडाभर समुद्रावर निघाला होता. निघताना त्याने घराच्या दिशेने हात केला आणि म्हणाला: दार, लौन, यल्ला. लौन म्हणजे रंग, यल्ला म्हणजे चल, लाग कामाला, एवढं चाचांना तोवर समजलं होतं. आणि दार? "मी मनात बोल्लो, अरे, अरबी तर आपलीच भाषा हाय! एवडे दिवस उगाच घाबरलो!" त्याला पाहुण्यांची खोली पांढरी करून हवी होती. चाचांनी रस्त्यावरचा लोखंडी दरवाजा घासला, बंदरातून होड्यांचे उरलेले रंग आणले, आणि हर्णैला होडीच्या पुढच्या टोकाला जसे पट्टे मारतात तसे, चौकटी-चौकटीत रंग भरले. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. होडीला दोन्हीकडून रंग लागतो, ती सवय.

"सातव्या दिवशी तो आला. दरवाज्यासमोर हुबा. बोलंना. मी मनात बोल्लो, गनी, उद्याचं विमान, परत हर्णै. मंग मला विचारतो, ह्या काय? मी बोल्लो, दार! तो बोल्तो, ह्या बाब हाय! आतमंदी बोट दाखवून, दार ती! आन् मंग, बाय, तो खाली बसला. वालूत. हसून हसून."

महिन्याभरात शेजाऱ्याने बोलावलं. मग त्याच्या शेजाऱ्याने. एका शब्दाच्या गैरसमजातून गल्ली रंगली. मी आदल्या दिवशी ज्या प्रकाशामागून चालले होते, तो चाळीस वर्षांपूर्वीच्या एका चुकीवर पडत होता.

"म्हणजे घर पडलं," मी म्हणाले. "दाराचं काय झालं ते त्याने सांगितलंच नाही."

"नाय सांगितला," चाचा म्हणाले आणि गंभीर झाले. घरासोबत दार गेलं असण्याचीच शक्यता जास्त, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. राशिदने नंतर फोन उचलला नाही. संध्याकाळी ब्लॉसमने त्याला निरोप पाठवला: गनी पेंटर शनिवारी जातोय, भेटायचं आहे. तासाभराने उत्तर आलं. नकाशावरची एक खूण आणि दोन शब्द: उद्या. कॉफी.

गुरुवार, मदिनत अश शमाल

ब्लॉसमने रजा टाकली. माझं विमान शुक्रवारी सकाळी होतं, तेव्हा बेत असा ठरला: दुपारी दीडला शमाल, साडेतीनला निघायचं, चारला झुबारा, पाचच्या आत सूर्यास्त. शमालपासून झुबारा अर्ध्या तासाच्या आत आहे. चाचांना तसं सांगितलं. "इन्शाल्ला," ते म्हणाले. हे उत्तर मी वेळापत्रकात धरलं नाही.

दोहा संपल्यावर रस्ता सरळ उत्तरेला जातो आणि दोन्ही बाजूंना काहीच उरत नाही. ह्या 'काहीच नाही'ची तयारी मनाने केलेली नसते. टेकडी नाही, झाड नाही, नजरेला टेकायला जागा नाही. फिकट खडी, त्यावर फिकट आकाश, आणि मधली रेघ कुणीतरी अंगठ्याने पुसलेली. मध्येच दूरवर उंटांची रांग दिसली. ती हलते आहे की नाही, हे ठरवेपर्यंत मागे पडली. ब्लॉसमनेही गाणी बंद केली. मागच्या सीटवर चाचा म्हणाले, "हितं माजे डोले आन् तुमचे डोले सारकेच. बगायला कायच नाय." आणि स्वतःच हसले.

मदिनत अश शमाल हे उत्तर टोकाचं छोटं, शांत शहर. राशिदचं घर नवं, उंच कुंपणाचं. फाटक करड्या रंगाचं, गुळगुळीत, यंत्राने सरकणारं. चाचा गाडीतून उतरले आणि त्या फाटकाकडे पाहत राहिले. कागदावर टाचणी टोचावी एवढाही रंग त्यावर नव्हता. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

"काहीतरी असेलच," ब्लॉसम म्हणाली.

फाटक सरकलं. राशिद पन्नाशीचा, पांढऱ्या झग्यात. त्याने चाचांचे खांदे धरले, नाकाला नाक लावून अभिवादन केलं आणि अरबीत भराभर बोलू लागला. आम्हाला बैठकीत नेलं, खजूर आले, कॉफी आली. इथली कॉफी पिवळसर, वेलची-केशराची, दोन घोटांच्या बिनकानाच्या पेल्यात. आपल्याकडे 'नको' तीनदा म्हटल्याशिवाय यजमान ऐकत नाही. इथे बोलून उपयोग नाही, पेला हलवावा लागतो. हे मला सहाव्या पेल्यानंतर कळलं. ब्लॉसम मुद्दाम गप्प राहिली होती.

चाचा पेला हातात धरून बसले होते. विचारत नव्हते. अखेर राशिदनेच विचारलं, हिंदीत, माझ्याकडे वळून: "कल तुम फोन में क्या बोला? घर का क्या?"

"दरवाज़ा," मी म्हणाले. "बाब."

"बाब?" तो उठला. "यल्ला."

घराला वळसा घालून तो आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेला. उत्तरेच्या बाजूला एक वेगळी बैठी खोली होती, आणि त्या खोलीला ते दार होतं.

आदल्या दोन दिवसांत मी जे टिपलं होतं, ते सगळं उन्हाने अर्धं खाल्लेलं होतं, हे मला त्या क्षणी समजलं. जे रंग बघून मी थक्क झाले होते, ते रंगांचे शिल्लक अंश होते. राशिदने घर पडण्याआधी दार उचकटून आणलं आणि बसवताना उलटं बसवलं. चाळीस वर्षं घराच्या आत, सावलीत असलेली बाजू त्याने बाहेर आणली होती. निळा असा, की हात लावला तर ओला लागेल. हळदी, लाल, पोपटी, आणि काठाने शिडाच्या दोरीसारखी पिळाची पांढरी रेघ. सूर्याला अठ्ठावीस किरण. खाली बिजागरीशी पापलेट, डोळ्यासकट. पांढऱ्या भिंती, पांढरं आकाश, खडीचं अंगण, आणि मधोमध हे. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. तो हातात घेण्याचं भान यायला वेळ लागला.

चाचा दाराला जवळजवळ नाक लावून उभे होते. डोकं इंचाइंचाने फिरवत होते. "ह्या लाल… ह्या निला… किरण… सगला एकदम दिसत नाय, सिस्टर. तुकडंच दिसतात."

"चाचा, मागे या," ब्लॉसम म्हणाली. हा तिचा रुग्णालयातला आवाज होता. "तुमची नजर नळीसारखी आहे. जितके लांब जाल तितकं जास्त मावेल. या. माझा हात धरा."

ती त्यांना पाठमोरं नेऊ लागली. पाच पावलं, दहा. "आता?" "वरचा अर्धा." आणखी मागे. "आता?" "खालची किटली नाय येत." अंगण संपलं, कुंपणाच्या भिंतीला त्यांची पाठ टेकली. तिथे ते थांबले.

"आला," चाचा म्हणाले. "आख्खा आला."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या लेन्समध्येही दार तिथूनच पूर्ण मावलं. फोटो त्या जागेवरून काढला आहे, त्यांच्या उंचीवरून.

आतून ठक-ठक ऐकू आलं. राशिदने दार उघडलं. बू राशिद पलंगावर बसले होते, काठी फरशीवर आपटत. नव्वदीच्या आसपासचे, कान जवळजवळ गेलेले. चाचा आत जाऊन त्यांच्या अगदी समोर बसले. म्हाताऱ्याने त्यांचा चेहरा चाचपला. मग काठी उचलून भिंतीकडे केली. खोली पांढरी होती. कोरी. एका भिंतीत कमानीचा कोनाडा होता, तोही पांढरा. म्हातारा एक वाक्य बोलला आणि राशिद हसू लागला.

"क्या बोले?" मी विचारलं.

भाषांतर चाचांनी केलं, तेही डोळे पुसत. "बोल्तात, गनी, मी दार रंगवायला सांगितली व्हती. चालीस वरसं झाली. कदी रंगवतस?"

मी घड्याळ पाहिलं. तीन वीस.

चाचा म्हणाले, "रंग हाय काय?"

राशिदला ती थट्टा वाटली. पण दाराच्या डागडुजीसाठी ऑइल पेंटचे छोटे डबे त्याने ठेवले होते, ते चाचांनी काढायला लावले. ब्रश दोनच होते, केस ताठरलेले. टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यांनी ते बोटांनी मऊ केले. शर्ट काढून घडी घातली आणि बनियनवर कोनाड्यासमोर बसले.

साडेतीन झाले. ब्लॉसमने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: राहू दे.

कोनाडा हातभर रुंदीचा. एका वेळी बोटाएवढी जागा त्यांना दिसत होती आणि त्या बोटाएवढ्या जागेत हात सरळ चालत होता. कमानीच्या काठाने आधी पांढऱ्यावर निळा, मग पिळाची रेघ, मग हळदी. मध्येच विचारत, "सिस्टर, दोनी बाजू सारख्या हायत ना?" ती म्हणे, "डावी जरा जाड." ते उजवी जाड करत. बू राशिद पलंगावरून काठीच्या टोकाने सूचना देत होते. एकदा ते काही बोलले, त्यावर चाचा मराठीतच उत्तरले, "तुमी गप बसा हो, आता तरी." त्यांना ऐकू गेलं नाही, राशिदला समजलं नाही, आम्ही दोघी हसलो.

खिडकीतून येणारा उजेड पिवळा झाला, मग केशरी. झुबाराच्या भिंतींवर तो ह्याच वेळी पडत असणार. तिथे मी नव्हते. इथे तो कोनाड्याच्या ओल्या रंगावरून फिरला, खाली उतरला, आणि चाचांच्या हातावर येऊन थांबला. त्यांनी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एका दमात पापलेट काढलं आणि त्याला डोळा दिला.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले. पाठीमागे सरकत, हाताने चाचपत, समोरच्या भिंतीला जाऊन टेकले. कोनाडा पूर्ण मावेपर्यंत पाहिला. आणि म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले,

"बू राशिद! दार खलास."